महिन्याला दहा

लेख चांगुणा वैतींवर.
माहूलच्या चिखलात मांडीभर उतरून
बिळात हात घालून निवट्या धरतात, अजून.
मी मथळा दिला : ‘निवट्या धरणारी शेवटची बाई’.
शेवटची म्हणजे काय, मोजलंय कोणी?
पण ते राहू दे.

साकीनाक्याच्या चौथ्या मजल्यावर
आरेकर खुर्ची ओढून बसला.
‘निवट्या कोण शोधतं?’
यंत्र म्हणालं, दहा. महिन्याला दहा.
बोंबील, नव्वद हजार.
‘मग बोंबील टाक. पुढे मुंबई, पुढे रेसिपी.
मासा पहिल्या तीन शब्दांत आला पाहिजे.’

मी म्हटलं, बोंबील बिळात राहत नाही.
‘वाचक तरी कुठे राहतो?’ म्हणाला
आणि चहाला गेला.

मी त्या दहांपाशी थांबले.
एक कोणी रात्रपाळीतला, मस्कतला,
चव आठवते, नाव अर्धंच.
एक प्रोजेक्टवाली पोर.
एक, निवटी की नेवटी, दोनदा चुकून.
एक बहुधा मीच, परवा,
हा मासा दिसतो कसा ते बघायला.

बाई म्हणाल्या होत्या,
मासे घ्या, मासे घ्या, असं कोण ओरडतं गं?
नाव घ्यायचं.
ज्याला पायजे त्याची मान वळते.

‘माहूल खाडी, निवट्या आणि चांगुणाबाई.’
पाठवून दिलं.
बोंबीलही आहे, आरेकर, शोध.
चौथ्या परिच्छेदात,
जिथे बाई म्हणतात,
बोंबील काय, कुणीपण विकतं.