‘हम’चं मराठी

केमिस्ट्री सुटल्यावर, भंवरकुआंच्या त्या क्लासच्या जिन्यात
गरिमा पयासी म्हणाली,
“हम शनिवार को छप्पन जा रहे हैं। पाँच बजे।”

मी मागे वळून पाहिलं.
मागे वॉटर कूलर होता
आणि साखळीने बांधलेला स्टीलचा पेला.
म्हणजे मलाच म्हणाली असणार.
किंवा कूलरपलीकडे कुणी होतं, जे तेवढ्यात वर गेलं.

मी म्हटलं, “अच्छा.”

त्या ‘अच्छा’चं मी नंतर काय काय केलं नाही.
सिटी बसमध्ये ते म्हणून पाहिलं, ओठ न हलवता.
अच्छा, म्हणजे बरं, येते.
अच्छा, म्हणजे बरं, मग मी काय करू?
आणि एक, जे खरंच तोंडातून निघालं होतं,
कडी अर्धीच बसावी तसं.

घरी आम्ही मराठी बोलतो, राजेंद्रनगरात अजून बोलतात.
मराठीत हे झालंच नसतं.
‘आपण जातोय’ म्हणाली असती, तर चपला घालायच्या.
‘आम्ही जातोय’ म्हणाली असती, तर
मजा करा म्हणायचं आणि फिजिक्सची वही काढायची.
एका शब्दात मी आहे, एकात नाही,
कुणाला विचारावं लागत नाही.
इंदूरची हिंदीसुद्धा ‘अपन’ म्हणते.
पोहेवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो,
अपन तो यहीं मिलेंगे भिया.
पण ती ‘हम’ म्हणाली.
‘हम’ला दार कुठल्या बाजूने आहे, तेच कळत नाही.

गुरुवारी ती माझ्याकडे पाहून हसली
(की दाढ दुखत होती).
शुक्रवारी पेन मागितलं ते शेजारच्या मुलीकडे.
यावरून मी ठरवलं, ‘आम्ही’.
रात्री बारा वाजता पुन्हा ठरवलं,
माझं पेन गळतं, हे तिला माहीत आहे.

शनिवारी आईला झेरॉक्सचं सांगून निघाले.
पाच वाजता छप्पनच्या समोर, फुटपाथवर,
बंद फोन कानाला लावून उभी राहिले,
मधूनमधून “हो, हो” म्हणत.
ती बाकावर होती. एकटी.
बाकीच्या यायच्या असतील.
तिने मान उंच करून रस्ता पाहिला.
बाकीच्यांचाच पाहिला असेल.
मी एक ते साठ अकरा वेळा मोजलं.
खोपरा पॅटिसच्या दोन प्लेटी आल्या.
एक तिने खाल्ली, सावकाश,
दुसरी तशीच समोर.
बघा, म्हणजे कुणीतरी येणारच होतं.
त्यांनी मला तिथे पाहिलं असतं तर?
मी बस पकडली.
झेरॉक्स विसरले.

रविवारी पोळ्या लाटता लाटता आई सांगत होती,
वरच्या मजल्यावरचे शुक्लाजी रीवाचे ना,
फोनवर म्हणाले, ‘हम आ रहे हैं’,
मी आपला सहा कप चहा टाकला, तर दारात एकटेच!
“तिकडे ‘मी’लाच ‘हम’ म्हणतात गं.”

गरिमा रीवाची आहे.
हॉस्टेलवर राहते, जुलैपासून.

तव्यावरची पोळी फुगली.
आईने ती फडक्याने दाबली, वाफ बाहेर आली.
मी काहीच बोलले नाही.

पण दोन प्लेटी.

सोमवारी तोच जिना.
या वेळी कूलरकडे तिची पाठ होती.
मी चार वाक्यं पाठ करून आले होते,
त्यात माफी होती, झेरॉक्स होती, ताप होता खोटा.
निघालं ते एवढंच :
“अपन… इस शनिवार?”

तिने माझ्याकडे पाहिलं,
मग वळून मागे पाहिलं.

मागे कूलर होता.