पाच मायक्रॉन

कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर एकोणचाळीस.
फाटकाजवळ हळदीचा ट्रक पंक्चर होऊन उभा.
आत मोजमापाच्या खोलीत एसी, बरोबर वीस डिग्री,
आमच्यासाठी नव्हे,
मापांसाठी.

काय बनवतोय ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.
एक कडं. तळहाताएवढं. टायटॅनियमचं.
कोपऱ्यात मात्र निळा शिक्का:
मानवी उड्डाणासाठी.
उपग्रहाचे सुटे भाग सात वर्षं करतोय आम्ही,
त्यांच्यावर हा शिक्का नसतो.
उपग्रह हरवला तर पेपरात दोन दिवस बातमी येते,
तिसऱ्या दिवशी उसाचा दर.

या कड्याला जन्मदाखला आहे.
धातू कितव्या ओतातला,
कातलं कुणी: इलाही नदाफ, दुसरी पाळी.
तपासलं कुणी: त्रिशला मगदूम.
म्हणजे मी.
उद्या वर काही झालं
तर कागद उलटे वाचत वाचत
ते माझ्या सहीपर्यंत येतील.

आज एक बाद केलं.
पाचची मुभा, सात भरलं.
इलाहीभाईंनी चष्मा कपाळावर सारला,
"दोन मायक्रॉननं काय होतंय, मॅडम?
केसाचे पन्नास भाग केले तर त्यातला एक."
मी म्हटलं, "आत माणूस बसणार हाय."
ते गप्प झाले. मशीन पुसत राहिले.
चहाला आले नाहीत.

रात्री चेलनाचा फोन.
धाकटी माझी, जतच्या पलीकडे उपकेंद्रात नर्स.
लाईट दुपारपासून नाही,
लसींच्या डब्यातला बर्फ वितळलाय,
उद्या अकरा बाळं यायची आहेत.
"तुझं ते कडं केवढ्याला गं?"
मी आकडा सांगितला.
ती हसली नाही. तिनं हिशेब केला,
फ्रीज किती, सोलर किती, वर एक इन्व्हर्टर.
"माणूस वर पाठवायचा कशाला?
यंत्रं जातात की. यंत्राला भूक नाही, आई नाही."

मी तिला पुराची आठवण दिली.
गावभागातलं आपलं घर, आयर्विनला पाणी किती फूट
ते तासातासाला मोबाईलवर येत होतं,
वरून काढलेले फोटोसुद्धा.
आपण हललो का?
जिन्यात पाणी आलं तरी दादा म्हणाले, बघू.
हललो ते ब्रह्मनाळचा की कुठला तो पोरगा
नाव घेऊन खिडकीशी आला,
हात पुढे करून म्हणाला, "आजी, आधी तुमी."

"म्हणून माणूस जावा लागतो," मी म्हटलं.
चेलना म्हणाली,
"मग नावा घ्या की.
रॉकेट कशाला?"

याला उत्तर नाही माझ्याकडे.
पगार त्या कड्यावर चालतो, हे मी बोलले नाही.
तिला ते माहीत आहे;
तिच्या नर्सिंगची फी त्यातूनच गेली.

एक मात्र डोक्यातून जाईना.
पैसा त्यांच्याकडे जातो, ठीक. जाऊ दे, की थांबवावा,
ते दिल्लीत बसलेल्यांना ठरवू दे.
पण तो निळा शिक्का,
तो तेवढ्याच कड्यांवर का?
तिच्या फ्रीजच्या दारावर का नाही?
तिथंही कुणाची तरी सही असेलच,
पाचच्या जागी सात नव्हे,
पाचच्या जागी पन्नास चालवून घेतलेली.
आत माणूस बसणार हाय,
असं त्याला कुणी म्हटलंच नसेल.

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं,
लहानपणी विचारायची तसं,
"वर गेल्यावर तहान लागते का गं त्यांना?"

"लागते. पाणी मोजून नेतात.
घामाचंसुद्धा परत गाळून पितात."

"हां," ती म्हणाली,
"मग आमच्याकडं ट्रेनिंगला पाठवा.
टँकर मंगळवारी येतो."

लाईन कापली गेली, की तिनंच ठेवला.
सकाळी पहिल्या पाळीत
इलाहीभाईंनी नवं कडं टेबलावर ठेवलं,
काही न बोलता.
तीन भरलं.
मी सही केली,
नेहमीपेक्षा जरा सावकाश.