मीठ उडत नाही

दुकानात दिवसभर मी पोवळी बसवतो.
मंगळ कडक असलेल्यांसाठी,
चार नख्यांत, तांबड्या सोन्यात,
सव्वापाच रत्ती, साडेसात रत्ती.
एकवीस वर्षांत एकही पोवळं
माझी सावली पडली म्हणून मिटलं नाही.

घरी, जळगावात, पिंप्राळ्याकडच्या रस्त्याला,
दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत टाळून
माझ्याकडे दीडशे लिटर समुद्र आहे.

तो मी स्वतः करतो.
इथलं बोअरचं पाणी चहाच्या पातेल्यालाही पुटं चढवतं,
म्हणून आधी ते गाळून गाळून कोरं करायचं,
इतकं कोरं की जिभेला काही सांगत नाही.
मग मीठ.
वडिलांच्या काट्यावर तोलतो,
लिटरला सव्वातीन तोळे.
गुंजेची चूक त्या काट्यानं कधी पोटात घातली नाही,
आणि दगडावरचं हे जनावरही घालत नाही.

आलं तेव्हा जनावर वाटलंच नव्हतं.
थर्माकोलच्या डब्यात, रात्रभर गाडीत,
बोटाच्या पेराएवढं, ओल्या चामड्यासारखं.
ऋजुता म्हणाली, बाबा, पैसे बुडाले.
शेजारचे सुपडूभाऊ, मूळचे अमळनेरकडचे,
रोज दिवेलागणीला दारातून विचारायचे,
"काय रे भो, तुना दगड उघडना का?"
नाही उघडला.
मी दिवा वर केला, खाली केला,
पंपाचं तोंड उजवीकडे, डावीकडे,
कॅल्शियम मोजलं, पुन्हा मोजलं.
शेवटी बायको भाकरी थापता थापता म्हणाली,
विरजण सारखं हलवलं तर दही लागतं का?

हात खिशात ठेवले.
अकराव्या दिवशी एक बोट बाहेर आलं,
त्या बोटाला आठ बोटं.

मग मे लागला. पंचेचाळीस.
काचेवर पंखा लावला की पाणी थंड राहतं,
पण दिवसाला तीन लिटर उडून जातं.
पाणी उडतं. मीठ उडत नाही.
म्हणून उडालेल्याच्या जागी खारं घालायचं नसतं,
कोरं घालायचं.
धाकट्या भावाशी सात वर्षं अबोला होता,
मी दरवेळी खारंच ओतत होतो.

एका रात्री कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेला.
दिवा गेला, पंप गेला, पंखा गेला,
बारा वाजता पाणी तीस, एक वाजता एकतीस.
गल्लीतल्या फ्रिजांमधून बाटल्या आल्या बर्फाच्या,
कुणाच्या पोरानं पेप्सीच्या पाच कांड्या आणल्या,
त्यातली एक चोखतच.
सुपडूभाऊंनी तांब्या घेतला,
पाणी उचलायचं, हातभर उंचीवरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं,
कारण मी म्हणालो होतो त्याला श्वास लागतो.
समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही.
मध्येच ओलं बोट ओठाला लावून म्हणाले,
"खारं शे."
आणि पुन्हा तांब्या.
पहाटे चारला वीज आली तेव्हा
त्यांचा हात थांबायला विसरला होता.

पाच दिवस ते मिटून राहिलं. मी काही केलं नाही.
सहाव्या दिवशीचं मी कुणाला सांगितलं नाही,
सुपडूभाऊंनीच दारातून पाहिलं,
आणि त्या दिवशी काही विचारलं नाही.

दिवाळीपर्यंत ते तळव्याएवढं झालं.
दुकानातल्या बारीक पात्यानं एक कड कापली,
दोऱ्यानं खड्याला बांधली,
कुणासाठी ते अजून ठरत नाही.

काल एक बाई मुलीला घेऊन आल्या.
पोवळं तळहातावर घेऊन विचारलं,
अस्सल आहे ना?
मी भिंग लावलं.
आत रेघा होत्या, केसाहून बारीक, एकीशेजारी एक,
कुणीतरी फार सावकाश भरत आणलेल्या.
आहे, म्हणालो.
मुलीला म्हणालो, हळू धर.
ती हसली, दगड तर आहे.

घरी जाताना पाच लिटर कोरं पाणी घ्यायचंय.