मुलामा नको

गुजरीमागच्या बोळात, माझ्या टाकीसमोर
उपाध्ये सरांनी रुमाल सोडला.
आत चमचा. सूपचा, गोल तोंडाचा,
दांड्यावर लाट, लाटेवर नांगर,
आणि झिजलेली इंग्रजी अक्षरं. पुढचं नाव गेलेलं.
उरलं होतं एवढंच : मारू.

'कुणाला?' मी विचारलं.
सर हसले नाहीत. तीस वर्षं भूगोल शिकवलाय.
म्हणाले, जपानी बोटींच्या नावाला हे असतंच,
आपल्याकडं राव लावतात तसं.

चमचा त्यांच्या चुलत आजोबांचा.
इचलकरंजीचे, सुताचा धंदा.
छत्तीस साली कोबेला माग बघायला गेले,
येताना बोटीवरचे सगळे दिवस
घरच्या भडंगावर आणि केळ्यांवर काढले.
जैन माणूस, सूपला शिवला नाही.
मग चमचा कशाला?
आजीनं तो तिळाच्या चटणीच्या बरणीत घातला
आणि चाळीस वर्षं राखेनं घासला.
बोटीचं नाव मोरीतून गेलं.

सरांकडं बाकीचंही आहे,
राजारामपुरीत, कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात :
जेवणाचं छापील पान, वर सारस,
खाली तेरा मे, रात्र, भाजलेलं बदक;
ट्रंकेला डकवायचं लेबल, कधीच न डकवलेलं;
किल्लीचा पितळी बिल्ला, केबिन दोनशे चौदा.
ते दार आता किती वाव खोल असेल
याचा हिशेब वहीत आहे.
पेन्शनमधून घेतात, टपालानं येतं.
बाई बोलत नाहीत.

युद्धात त्या बोटींना राखी रंग फासला,
नाचघरात फळ्या ठोकून शिपाई झोपवले.
मग टॉर्पेडो.
ही बोट तीनांपैकी एक असावी, सर म्हणाले.
तिन्ही गेल्या.

कडेला चांदी शिल्लक, मध्ये जर्मन सिल्व्हर उघडं.
अर्ध्या तासाचं काम. आरसा करून देतो, म्हणालो.
'नको नको. मुलामा नको.
फक्त बघा, आणखी एखादं अक्षर लागतंय का.'

भिंग डोळ्याला लावलं.
ओरखडे. ओरखड्यांवर ओरखडे.
एक उभी रेघ. अक्षर असेल,
किंवा नुसता काथ्या.

मला भलतंच सुचत होतं :
असे हजार चमचे असतील त्या बोटीवर.
मोजून, पुसून, जागच्या जागी ठेवलेले
सगळे तळाला गेले.
वर राहिला तो उचललेला.
बोललो नाही. मोठं घराणं.

रुमालाची गाठ मारता मारता सरच म्हणाले,
'चोरला नसेल हो.
वाढणारं पोरगं असेल एखादं. रोज सूप आणायचं,
रोज तसंच परत न्यायचं. त्यानंच दिला असेल.'
मी काही विचारलं नव्हतं.

पैसे घेतले नाहीत. बघण्याचे कसले पैसे?
ते गेल्यावर बोटांना तिळाचा वास येत राहिला,
किंवा मला वाटला.
हुपरीच्या पैंजणांचा जोड टाकीत सोडला
आणि पाण्याखाली तो उजळेपर्यंत
नेहमी बघत उभा राहतो, तसा
आज राहिलो नाही.