सातवा बोल्ट

हाताला आधी कळलं.
पान्हा घट्ट होत होत आला
आणि एकदम लोण्यात घातल्यासारखा
पुढं सरकला.

पोटात खड्डा पडतो तो असा.

फियाटचं हेड, दहा बोल्ट,
मी सातवा आवळत होतो
तालमीत कमावलेल्या दंडानं,
टॉर्क रेंच खुंटीला तसाच टांगलेला.
गाडी गडहिंग्लजच्या पट्टणशेट्टी सरांची.
परवा लेकीला घेऊन बेळगावला निघायचे होते ते,
आणि इथं ब्लॉकमधले आटे
बोल्टाच्या खाचांत भरून
काळा चुरा होऊन बाहेर आले.

कुणाला बोललो नाही.
बोल्ट पुसला, परत घातला.
तो फिरत राहिला गरागरा,
कुठंच न धरता.
चहा आला, चहावर साय आली.

दस्तगीरमामा लेथवर होते, पाठमोरे.
"कितवा?"
"सातवा."
"मोडला का आटं गेलं?"
"आटं गेलं."
"मग तोंड कशाला पाडलंस? मोडला असता तर पाडायचं."

मामांचा उजवा हात थरथरतो, दोन वर्षं झाली.
बशीतून चहा पिणं त्यांनी सोडलं.
आमिनामामी स्टीलचा पेला देतात,
अर्धाच भरून.

हेड पुन्हा उतरवलं.
चारी सिलिंडरच्या तोंडात चिंध्या कोंबल्या
मामींच्या विटक्या साडीच्या.
ड्रिलला गुण्या लावला.
"सरळ हाय?"
मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं.
"सरळ."
"परत बघ."
परत बघितलं. केसभर तिरकं होतं.

ड्रिल बिडात उतरलं
आणि मला त्या भोकाचंच वाईट वाटलं.
तळाशी दोन-तीन आटे अजून धरून होते,
तेही गेले.
आता आत गुळगुळीत,
जणू तिथं कधी काही बसलंच नव्हतं.
यावर मामा काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं.
ते म्हणाले, "फुंकर मारू नको, डोळ्यात जाईल."
मिसरीसारखी भुकटी
माझ्या नखांत चार दिवस राहिली.

मग टॅप.
अर्धा फेरा पुढं, पाव मागं.
मागं येताना आत काहीतरी बारीक तुटतं,
ते तुटलं की पुन्हा अर्धा पुढं.
दांड्यावर माझे हात,
माझ्या हातांवर त्यांचा उजवा.
त्यांची थरथर माझ्या मनगटातून
खाली टॅपमध्ये उतरेल,
मला एवढीच धास्ती.
टॅपपर्यंत ती पोचली नाही.
कुठं मुरली, मला अजून माहीत नाही.

शेजारच्या फाउंड्रीत भट्टी सोडायची वेळ झाली,
जळक्या वाळूचा वास उद्यमनगरभर.
हा ब्लॉकही कधीतरी
असाच लाल, पातळ,
कुणाच्या तरी पळीतून ओतला असेल.

सुपारीच्या डबीतून मामांनी गुंडाळी काढली.
पोलादी तारेची, करंगळीच्या पेराहून लहान.
फिरवत फिरवत आत बसवली,
काठाच्या अर्धा आटा खाली.
वर एक ठोका,
टिक्,
तिची शेपटी तुटून तळाला पडली.

ती काढायला तास गेला.
सायकलच्या आऱ्याला ग्रीस लावून
तिसऱ्या खेपेला वर आली,
माशीच्या पायाएवढी.
मामांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.
"हिचा हिशेब लागल्याबिगार बोल्ट घालायचा न्हाई."

दिवे लागले तेव्हा
नवं गॅस्केट, वर हेड,
आणि मी खुंटीवरनं टॉर्क रेंच काढला.
मधनं बाहेर, क्रमानं, पहिली फेरी,
दुसरी फेरी.
तिसऱ्या फेरीत सातव्यावर आलो
आणि श्वास घ्यायचा विसरलो.

कट्.

रेंचनं सांगितलं, मी थांबलो.
बोल्टाच्या डोक्याकडं बघत
तसाच वाकून उभा राहिलो.
बाकीच्यांत नि त्याच्यात
काहीसुद्धा फरक दिसत नव्हता.

मामा पुन्हा लेथवर, पाठमोरे.
"अजून तीन हाईत," म्हणाले.