हातातली शेवंती

निपाणीची शेवंती आंबोली उतरून येते
पहाटेच्या एसटीत, ओल्या गोणपाटात,
कंडक्टरच्या पायाशी.
वेंगुर्ल्यात पोचते तेव्हा दमलेली,
वास मात्र घाटावरचाच, कडसर.

एल्डाला लग्नात हातात हीच हवी.
मावशी म्हणाली, "गो बाय, गेल्या हप्त्यात
हीच फुलां पास्कूच्या क्रूसाखाली ठेवलंव मां?"
"म्हणूनच," एल्डा म्हणाली
आणि नखांवरचा ओला रंग फुंकत राहिली.

मी वेण्या करणारी. गुच्छ कधी बांधला नव्हता.
देठ सगळे एका उंचीचे कापले,
भिजवलेल्या केळीच्या सोपाने आवळले,
वरून तिने दिलेली पांढरी रिबीन.
गुलाब संध्याकाळपर्यंत पाकळ्या टाकतो.
ही देठावरच सुकते, काही सोडत नाही.

चर्चची पहिली घंटा झाली. न्यायला कुणी आलं नव्हतं.
कसा दिसतो बघावं म्हणून
मीच धरला जरा, पोटाशी, दोन्ही हातांनी.
बारा वर्षं झाली, माळत नाही मी.
पण हातात धरायच्या फुलाबद्दल
कुणी कधी काही सांगितलेलं नाही.

तराजूच्या पितळी पारड्यात
पिवळं काहीतरी हललं.