किल्ली देताना

वत, ही खालची किल्ली, ही वरची.
वरची अडकते. दार स्वतःकडे ओढ, मग फिरव.
झाड न्हाणीघरात आहे. हसू नकोस.
बाहेरच्या खोलीत मुलाने एसी बसवून दिलाय,
त्या गार झोताखाली पहिल्या झाडाची पानं
कडेकडेने करपत गेली,
चुलीशी धरलेल्या कागदासारखी.
तुला उकडलं तर लाव खुशाल,
पण न्हाणीघराचं दार आधी लोटून घे.

पाणी नळाचं नाही.
गच्चीत निळं पिंप आहे, पावसाचं, झाकणावर वीट.
बोट मातीत पेरभर घाल.
ओलं लागलं तर परत जा, आपलं काम कर.
कोरडं लागलं तर दे, वाटीभर,
आणि बशीत उतरलेलं ओतून टाक.
त्याला हवा दमट लागते, पाय बुडलेले चालत नाहीत.
माझ्या बहिणीचं तसंच. जन्म ओढ्याकाठी काढला,
आणि पावलं भिजली की शिंका.

तिनेच उकरून दिला होता कंद,
त्रांगला, रबराच्या मळ्यामागे, जिथे ऊन पोचत नाही.
आल्यासारखा वेडावाकडा,
भाताच्या डब्यात घालून.
म्हणाली, हात यायला नेऊन जगला तर तुझा,
मेला तर माझा.
अकरा वर्षं झाली.
ती गेली, हिशेब राहिला.

पानामागे कापूस दिसला तर तो कापूस नाही,
पिठ्या ढेकूण.
खुंटीला जुनं बनियन आहे, ओलं करून पुसून काढ.
बनियन कोणाचं ते विचारू नकोस.

आता मुख्य गोष्ट.
मधोमध दांडा आलाय, वीतभर,
टोकाला मिटलेली मूठ.
माझं चाललं असतं तर आठवडाभर थांबले असते.
डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबायचं नाही.
आंबा असल्यासारखं म्हणाले.
सोंगखलाची गाडी सकाळी सातला.

उघडलं की दचकू नकोस.
वर दोन काळे पंख, खाली मिशा, हातभर लोंबणाऱ्या.
खालच्या मजल्यावरची वन्ना म्हणते, अवदसा,
घरात वटवाघूळ टांगून ठेवलंयस.
दर वर्षी मी तिला बोलावते. दर वर्षी येते,
उंबऱ्यातूनच बघते,
आणि रांबुतान खाऊन जाते.

एकदा तीन रात्री मी स्टूल टाकून बसले,
बघू तरी, एवढ्या थाटाला येतं कोण.
माशी नाही, मुंगी नाही.
एक डास आला, तो माझ्यासाठी.
तरी बी धरलं त्याने!
एवढा मांडव, आणि वऱ्हाड नाहीच,
आतल्या आत लग्न उरकून मोकळा.
मला राग आला होता त्याचा.
का, ते अजून नीट कळलेलं नाही.

दोन वर्षं झाली, मी ते बोटांनीच बघते.
धुक्यात काळ्यावर काळं, काय दिसणार.
मिशा मोजते. गेल्या खेपेला चोवीस,
त्याच्या आधी एकवीस,
की माझंच एखादं बोट चुकलं.

म्हणून सांगते, फोटो पाठवू नकोस.
डोळ्यावर पट्टी असेल,
नर्स बघेल माझ्याआधी, आणि म्हणेल, ई.
फोन कर.
रात्रपाळीवरून आलास की, सहाला. मी जागीच असते.
फक्त आकडा सांग.
मोजताना डाव्या हाताने दांडा धर,
उजव्याने एकेक मिशी बाजूला कर, हळू,
गुंतलं तर पुन्हा पहिल्यापासून.
तुला झोप आलेली असेल, माहीत आहे मला.
तरी, पहिल्यापासून.